छप्पर घालावे की थांबावे

माझे एक वयस्क स्नेही इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एसेक्स परगण्यातील जेविक सँड्स या गावात राहतात. कोलचेस्टरजवळच्या एका गोदामात आम्ही कित्येक वर्षे एकाच पाळीत काम केले. निवृत्त झाल्यावर त्यांनी कर्ज न काढता, हाताशी असलेल्या पुंजीत बसेल असे घर शोधायला सुरुवात केली आणि तसे घर त्यांना आसपासच्या सगळ्या भागात फक्त जेविकमध्ये मिळाले. लाकडी सांगाडा, दोन खोल्या, समोर अंगणाच्या नावाने चार पावले जागा आणि वर डांबरी कागदाचे उतरते छप्पर, असे ते घर आहे. मागच्या सप्टेंबरात मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा बोलणे या छपरावर येऊन थांबले. ते अजून गळत नव्हते, पण येत्या हिवाळ्यात गळणार याची चिन्हे दिसत होती. मात्र ते नवे घालावे की नाही, हे त्यांच्या खिशापेक्षा कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या, कपाटातील गावसुधारणेच्या आराखड्यावर अधिक अवलंबून होते. घरांची ती ओळ पुढेमागे पाडली जाणार असेल, तर पैसे छपरात कशाला घालायचे? आणि पाडली जाणार नसेल, तर किती हिवाळे बादल्या लावून काढायचे? या दोन प्रश्नांच्या मध्ये ते काही वर्षे अडकून पडले आहेत, आणि गावात असे अडकलेले ते एकटे नाहीत.

इंग्लंडमधील समुद्रकिनारा म्हटला की आपल्याला ब्रायटनसारखी शहरे आठवतात. जेविक त्या चित्रात बसत नाही. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकातून गाडीने सुमारे दीड तासात क्लॅक्टनला उतरायचे आणि तिथून बसने पश्चिमेला दोन मैल जायचे, की जेमतेम पाच हजार वस्तीचे हे गाव लागते. वाळू मात्र सुरेख आहे, रुंद आणि मऊ, आणि समोर गनफ्लीटच्या वाळूच्या पट्ट्यावर उभ्या केलेल्या पवनचक्क्यांची रांग दिसते. या भागात पाऊस इतका कमी पडतो की शेजारचे सेंट ओसिथ हे ब्रिटनमधील सर्वांत कोरड्या ठिकाणांपैकी एक गणले जाते. वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर. माझे मूळ गाव दापोली तालुक्यात आहे, जिथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्यामुळे ‘कोरड्या’ जेविकला पाण्याची एवढी धास्ती का, हे मला पहिल्यांदा कळेना. ही धास्ती वरून पडणाऱ्या पाण्याची नाही, हे नंतर उमगले.

जेविकचे नाव वर्तमानपत्रांत येते ते एका क्रमांकामुळे. इंग्लंडचे सरकार दर काही वर्षांनी देशाचे सुमारे दीड-दीड हजार वस्तीचे तुकडे करून त्यांच्या वंचिततेचा निर्देशांक काढते. त्यात उत्पन्न, रोजगार, शिक्षण, आरोग्य, गुन्हेगारी, घरे व सेवा यांची उपलब्धता आणि राहणीचा परिसर अशा सात बाबी मोजल्या जातात. २०१० मध्ये जेविकचा पूर्वेकडील तुकडा या यादीत सर्वांत वंचित ठरला. २०१५ मध्ये तोच ठरला, २०१९ मध्ये ३२,८४४ तुकड्यांतून पुन्हा तोच, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी यादी आली तेव्हा चौथ्यांदा तोच. यादी जाहीर झाली की दोन दिवस कॅमेरे येतात, मंत्री खेद व्यक्त करतात आणि स्थानिक पुढारी ‘चित्र पालटते आहे’ असे सांगतात. गावकऱ्यांचा राग या क्रमांकावर असतोच. पण चार वेळा मोजूनही मोजणाऱ्यांनी पुढे काय केले, हे कोणी विचारत नाही, याचा राग त्याहून मोठा आहे. दवाखान्यात दर खेपेला फक्त ताप पाहून घरी पाठवावे, तशी ही गत आहे.

हे गाव असे का झाले, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९२८ मध्ये फ्रँक स्टेडमन नावाच्या विकासकाने इथली खाऱ्या दलदलीची जमीन घेतली. आपल्याकडे हिला सरळ खाजण म्हणतील. तिथे त्याने चिमुकले भूखंड पाडून लंडनच्या कामगारवस्तीतील कुटुंबांना विकले. ज्यांना ब्रायटन परवडत नव्हते, त्यांना समुद्राकाठी स्वतःची लाकडी खोपटी मिळाली. मोटारींचे वेड नवे होते, म्हणून ब्रुकलँड्स या भागाला मोटारशर्यतींच्या प्रसिद्ध मैदानाचे नाव दिले आणि गल्ल्यांना ऑस्टिन, बेंटली, हंबर, हिलमन, सनबीम, टॅल्बॉट अशी गाड्यांची नावे पडली. आज बेंटली गल्लीत उभे राहिले की त्या नावाचा विनोद कोणालाही सुचतो, आणि येणारा प्रत्येक वार्ताहर तो करतोच. म्हणून मी करत नाही.

ही घरे उन्हाळी सुटीपुरती होती आणि त्यांत बारमाही राहण्याला स्थानिक प्रशासनाची मान्यता नव्हती. मात्र दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये घरे बेचिराख झालेली कुटुंबे इथे येऊन कायमची राहिली आणि सुटीचे गाव राहते गाव बनले. कागदावर मात्र ते तात्पुरतेच राहिले. रस्ते कोणाचे, गटारे कोणी घालायची, दिवे कोणी लावायचे, या प्रश्नांवर प्रशासनाने हात वर करायचे आणि भूखंडधारकांनी १९३१ पासून चालत आलेल्या आपल्या संघटनेमार्फत जमेल तेवढे करायचे, अशी रीत पडली. गावातील भांडणाचे मूळ या ‘तात्पुरते’ शब्दात आहे, असे मला वाटते. ज्या वस्तीला कायम म्हणून मान्यताच मिळाली नाही, तिच्यासाठी कायमची गटारे घालणार कोण?

३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राला भयंकर उधाण आले. जेविकमध्ये सगळे समोरच्या बंधाऱ्याकडे पाहत होते, पण पाणी आले ते मागून. सेंट ओसिथच्या बाजूचे बांध फुटले, दलदलीवरून लोंढा अंधारात गावात शिरला आणि झोपेत असलेली बैठी घरे भरत गेली. किमान ३५ माणसे दगावली. पाच हजारांच्या आताच्या गावाकडे पाहताना हा आकडा अंगावर येतो, आणि तेव्हा तर थंडीचे दिवस असल्यामुळे वस्तीही तुरळक होती. त्या रात्री पूर्व इंग्लंडच्या किनाऱ्यावर ३०० हून अधिक माणसे गेली. आमच्याकडे खारबंदिस्तीची कामे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे सांगायला नको की खाजणातील वस्तीला समोर एक भिंत घालून भागत नाही. बांध सगळीकडून सारखा लागतो, आणि त्याची मजबुती त्याच्या सर्वांत कमजोर जागेएवढीच असते.

त्यानंतर १९७० च्या दशकाच्या आरंभी कौन्सिलने घरे सक्तीने विकत घेऊन वस्ती मोकळी करण्याचा घाट घातला. रहिवासी लढले आणि तो बेत बारगळला. मुंबईत ‘पुनर्विकास’ म्हटले की चाळीतील माणसाच्या डोळ्यांसमोर वाढीव चौरस फूट, कॉर्पस फंड आणि दोन बिल्डरांची चढाओढ येते. भीती असली तरी तिच्यासोबत लोभही असतो. जेविकच्या जुन्या माणसाला त्याच शब्दातून केवळ बुलडोझर ऐकू येतो. इथे भांडायला बिल्डरही नाही, कारण एकही बिल्डर स्वतःहून यायला तयार नाही. त्यामुळे कौन्सिलचा माणूस नकाशा घेऊन दारात आला की गाव दोन गोष्टी एकाच वेळी म्हणते: आमच्याकडे काहीच करत नाही, आणि आमच्या घराला हात लावू नका. बाहेरच्यांना हा दुटप्पीपणा वाटतो. मला मात्र त्यात काहीच विसंगत दिसत नाही, कारण पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी पाडायचे ठरवले होते आणि आज जे सुधारायचे म्हणतात, त्यांच्यात फरक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी गावाची नाही.

काहीच झाले नाही, असेही म्हणता येत नाही. माझे स्नेहीसुद्धा तसे म्हणत नाहीत. सन २००० च्या सुमारास एका गृहनिर्माण न्यासाने लोटस वे इथे सुमारे ४० घरे बांधली. चांगली घरे, त्यांच्या वास्तुरचनेचे कौतुकही झाले. पण ती पहिल्या टप्प्याची होती आणि दुसरा टप्पा त्या वेगाने कधी आलाच नाही. २०१५ पासून परगण्याच्या कौन्सिलने सुमारे ६५ लाख पौंड खर्चून ब्रुकलँड्सचे रस्ते आणि पाण्याचा निचरा सुधारला. ज्या गल्ल्यांतून पावसानंतर चालता येत नसे, तिथे आज डांबर आहे. हे गाव ज्या टेंड्रिंग जिल्ह्यात येते, त्याच्या कौन्सिलने मोठ्या संख्येने घरे बांधण्याची भाषा केली आणि २०२० च्या सुमारास १० घरे उभी केली. तळमजल्यावर गाडी आणि अडगळ, राहणे वरच्या मजल्यांवर, अशी त्यांची रचना आहे. २०२३ मध्ये समुद्रासमोर ‘सनस्पॉट’ नावाची पिवळ्या-पांढऱ्या पत्र्याची इमारत उघडली. सुमारे ५३ लाख पौंडांच्या त्या कामात छोट्या व्यवसायांसाठी भाड्याचे २४ गाळे, बाजाराची छत असलेली जागा, उपाहारगृह आणि बसथांबा आहे. मला ती इमारत आवडते. वाऱ्याच्या दिवशी उभे राहायला आडोसा आहे, चहा बरा मिळतो, आणि गाळ्यांतून केशकर्तनापासून शिवणकामापर्यंत खरोखरची कामे चालतात. पण तिच्यापासून दोन गल्ल्या मागे गेले की फळ्यांनी बंद केलेल्या खिडक्या, जळून गेलेल्या घराचा रिकामा चौथरा आणि वाढलेले गवत, हे सगळे पूर्वीसारखेच दिसते.

मग घोडे अडते कुठे? पाण्यात. जवळजवळ सगळे गाव सर्वाधिक पूरधोक्याच्या क्षेत्रात मोडते, आणि अशा ठिकाणी नवे घर बांधायचे तर नियम सांगतात की पूर आला तरी माणसे सुरक्षित राहतील अशी राहण्याची पातळी हवी. म्हणजे बैठ्या खोपटीच्या जागी दोन-तीन मजली घर. ज्या भूखंडावर शेजाऱ्याची खिडकी हाताने उघडता येते, तिथे असे घर उभे केले की दोन्ही बाजूंच्या बैठ्या घरांचे ऊन जाते. शिवाय पाया, उंची आणि मजबुती यांमुळे बांधण्याचा खर्च, ते घर पुढे जेवढ्याला विकले जाईल त्याच्याही वर जातो. एवढा एकच हिशोब समजला की जेविकचे अर्धे कोडे सुटते. खाजगी विकासक येत नाही, कारण तो पहिल्याच दिवशी तोट्यात असतो. बँक अशा लाकडी घरांवर सहजी कर्ज देत नाही, म्हणून घरे रोखीने आणि स्वस्तात विकली जातात. रोखीने घेणारे अनेकदा दूर राहणारे भाडेमालक असतात, ज्यांना भाडे सरकारी साहाय्यातून मिळत राहते आणि डागडुजीची निकड भासत नाही. पूरविम्यासाठी २०१६ पासून एक राष्ट्रीय योजना आहे खरी, पण ती २००९ पूर्वी बांधलेल्या घरांपुरती आहे आणि २०३९ मध्ये संपणार आहे. म्हणजे जुने, गळके घर योजनेत बसते आणि त्याच्या जागी बांधलेले नवे बसत नाही.

त्यात किनारा संरक्षण आले. जे बंधारे आज आहेत ते चढत्या समुद्राला कायमचे पुरणार नाहीत, हे सगळ्यांना मान्य आहे. ते उंच आणि भक्कम करायचे तर खर्च प्रचंड, आणि केंद्र सरकारचा पूरनिधी देताना वाचणाऱ्या मालमत्तेची किंमत मोजली जाते. मालमत्ता स्वस्त, म्हणून बंधाऱ्याला निधी कमी. बंधाऱ्याची खात्री नाही, म्हणून मालमत्ता स्वस्त. आमच्या गावचा धूपप्रतिबंधक बंधारा दर निवडणुकीला चार ट्रक दगडांनी पुढे सरकत असे, तेव्हा मला वाटे की हा आपल्याकडचाच प्रकार. इथे दगडांऐवजी अहवाल टाकतात.

सगळ्यांत मोठा अहवाल म्हणजे जेविक सँड्सचा स्थळ-आराखडा. त्याच्या मसुद्यावर २०२२ मध्ये रहिवाशांची मते मागवली गेली आणि पुढे कौन्सिलने तो स्वीकारला. वाईट घरे टप्प्याटप्प्याने बदलणे, संरक्षक भिंत उंच करताना तिच्यावर फिरण्याजोगा मार्ग करणे, मोकळ्या जागा आणि निचरा यांची नीट व्यवस्था लावणे, असे त्यात पुष्कळ काही आहे. कामही प्रामाणिक आहे. मी तो पानोपान वाचला आणि गावाची इतकी नेमकी ओळख असलेला सरकारी कागद क्वचितच पाहिला. सक्तीने सगळे सपाट करण्याची भाषाही त्यात नाही. फक्त त्याचा खर्च १२ कोटी पौंडांहून अधिक आहे आणि जिल्हा कौन्सिलकडे त्याच्या आसपासही पैसे नाहीत. केंद्राकडून येईल तेव्हा, इतर संस्थांची साथ मिळाली तर, असे शब्द त्यात जागोजागी येतात.

खरे नुकसान इथे होते, आणि त्याची मोजणी कोणत्याच निर्देशांकात होत नाही. आराखडा नसता तर माणसाने आपल्या मगदुराप्रमाणे छप्पर घातले असते, खिडकी बदलली असती. आराखडा अमलात आला असता तर नव्या घराची वाट पाहता आली असती. पैशांविना मंजूर असलेला आराखडा या दोन्ही गोष्टी करू देत नाही. तो घराला भविष्य देत नाही आणि त्याच्या वर्तमानावर मात्र सावट टाकतो. भाडेमालकाला तर ते सोयीचेच होते. भाडेकरूने ओल दाखवली की ‘हे सगळे पाडणारच आहेत’ असे म्हणून मोकळे होता येते. रहिवाशांच्या सभांना पूर्वी खोली भरत असे, आता पाच-दहा माणसे येतात, असे माझे स्नेही सांगतात. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून ‘तुम्हाला गावात काय हवे’ हे सांगण्याची हौस तीनचार वेळांत फिटते. ते स्वतः मागच्या खेपेला गेले आणि चिठ्ठीवर ‘मागच्या चिठ्ठीचे उत्तर’ एवढेच लिहून आले.

दरम्यान बाहेरचे लोक येत-जात असतात. एका दूरचित्रवाणी वाहिनीने बेकारभत्त्यावर जगणारे गाव म्हणून इथे मालिका चित्रित केली. २०१८ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या एका उमेदवाराने आपल्या प्रचारात जेविकच्या एका चिखलाळ गल्लीचे छायाचित्र छापले आणि मला मत दिले नाही तर तुमचे असे होईल, असा इशारा दिला. ते छायाचित्र रस्ते होण्याआधीचे, कित्येक वर्षे जुने होते. रस्ते झाले, पण जगात फिरणारे चित्र बदलले नाही, याची चीड गावात आजही ऐकू येते. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचे दारिद्र्यविषयक विशेष प्रतिवेदक फिलिप ऑल्स्टन ब्रिटनच्या दौऱ्यात इथे येऊन गेले. राजकारण्यांचेही तसेच. हा क्लॅक्टनचा मतदारसंघ. २०१६ च्या सार्वमतात टेंड्रिंग जिल्ह्याने ६९.५ टक्के मते युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने दिली, आणि २०२४ मध्ये स्थलांतराला कडवा विरोध करणाऱ्या ‘रिफॉर्म यूके’ पक्षाचे नायजेल फराज इथूनच खासदार झाले. माझ्यासारख्या परक्या माणसाला त्या मतांमागच्या काही गोष्टी खुपतात, हे लपवत नाही. तरी या गावात मला कोणी तुसडेपणाने वागवलेले नाही, आणि ज्यांनी इतकी वर्षे सगळ्यांना संधी देऊन पाहिली त्यांनी आणखी एकाला दिली, यात नवल वाटून घेण्यात अर्थ नाही.

त्या क्रमांकाबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली. निर्देशांक जागेला लागतो, पण मोजली जातात तिथे राहणारी माणसे. देशात इतरत्र भाडे परवडेनासे झालेली, आजारी, एकटी पडलेली माणसे स्वस्त घराच्या ओढीने जेविकला येतात. एखाद्याचे बरे झाले, नोकरी लागली, की तो पहिल्या संधीला क्लॅक्टनच्या आत किंवा कोलचेस्टरकडे सरकतो, आणि त्याच्या जागी पुन्हा तसेच कोणी येते. गावाने शंभर माणसे सावरली तरी यादीत ती दिसणार नाहीत. ज्या गावात शेजारीण म्हाताऱ्याच्या दाराशी रोज जेवणाचा डबा ठेवते आणि जानेवारी २०१७ मध्ये उधाणाच्या इशाऱ्यावर पोलिसांनी वस्ती रिकामी केली तेव्हा अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी शेजारीच आधी पोहोचले, असे अभिमानाने सांगितले जाते, त्या गावाला ‘सर्वांत वाईट’ हे विशेषण लावले की संताप येणारच. त्या रात्री वारा फिरला आणि पाणी आले नाही. रिकाम्या घरांत परतल्यावर दोघांतिघांनी बंधाऱ्यावर जाऊन भरतीची खूण पाहिली, असे माझे स्नेही सांगतात. ती खूण वरच्या काठापासून किती खाली होती, हे ते अजूनही हाताने दाखवतात, आणि दर खेपेला ते अंतर थोडे कमी होते.

आता तर आराखडा करणाऱ्या जिल्हा कौन्सिलचेच दिवस भरत आले आहेत. एसेक्समधील जिल्हा कौन्सिले रद्द करून त्यांच्या जागी मोठी एकत्रित कौन्सिले आणण्याची प्रक्रिया सुरू आहे. नवी संस्था जुना आराखडा पुढे नेईल, की आरंभापासून पुन्हा मते मागवेल, हे विचारायलाही अजून पत्ता नाही. चिठ्ठ्यांचा नवा गठ्ठा लागणार, एवढे माझ्या स्नेह्यांनी गृहीत धरले आहे.

डिसेंबरात मी पुन्हा गेलो. समुद्रावरून बोचरा वारा सुटला होता आणि शिडी घराला टेकवलेली होती. त्यांनी डांबरी कागदाची गुंडाळी आणून शेजाऱ्याच्या मदतीने छप्पर घातले होते, पण अर्धेच. समुद्राकडची बाजू नवी, काळीभोर, आणि मागची जुनीच, कडा उचललेली. उरलेली गुंडाळी पलंगाखाली ठेवली आहे. मागची बाजू पुढच्या उन्हाळ्यात, तोवर काही कळले तर पाहून, असे त्यांनी ठरवले आहे. एक बादली मात्र मागच्या खोलीत आधीच मांडून ठेवली होती.